अनुभव धागा: बोलताना अडखळणाऱ्यांना ऑनलाइन कुठे, कसा आधार मिळाला?

नमस्कार मंडळी,

२२ ऑक्टोबर हा अडखळत बोलण्याबद्दल जागरूकतेचा आंतरराष्ट्रीय दिवस. १९९८ पासून दरवर्षी १ ते २२ ऑक्टोबर याच विषयावर एक ऑनलाइन परिषदही भरते. म्हणजे आपली मंडळी नेटवर भेटायला लागली ती यूट्यूब येण्याच्या कितीतरी आधी!

तुम्हाला किंवा घरातल्या कोणाला व्हिडिओ, कॉमेंटी, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप यांतून आधार मिळाला असेल तर लिहा. वाईट अनुभवही चालतील. 'अमुक व्यायामाने बरा झालो' हे मात्र इथे नको, त्यासाठी दुसरे धागे आहेत. ग्रुपमधल्या कोणाचं नाव-गाव देऊ नका.

कोकमसरबत
लहानपणापासून अडखळतो. साताऱ्याचा, आता पुण्यात नोकरी. माझी खरी दुश्मनी फोनशी. समोर माणूस असला तर त्याला माझं तोंड तरी दिसतं. फोनवर ब्लॉक आला, म्हणजे शब्द अडकून आवाजच निघेना, की पलीकडे नुसती शांतता. मग "हॅलो, हॅलो, आवाज येत नाहीये" आणि फोन कट. पुन्हा लावायचा, पुन्हा तेच. शेवटी बायकोच्या हातात फोन. शब्द बदलण्यात तर आपण सगळे पीएचडी. पोहे म्हणता येईना की मिसळ मागवायची. बसमध्ये 'पौड फाटा' निघेना म्हणून पुढच्या स्टॉपचं तिकीट काढायचं. पण स्वतःचं नाव कशाने बदलणार?

एका रात्री यूट्यूबवर एक हिंदी बोलणारा माणूस दिसला. तो स्वतःचे फोन कॉल रेकॉर्ड करून टाकायचा. गॅस नोंदवणं, डॉक्टरची वेळ घेणं, असलेच साधे. एका कॉलमध्ये तो पहिल्याच अक्षराला अडला. मान वाकडी, डोळे बंद. पलीकडची बाई हॅलो हॅलो करतेय. माझी बोटं गळ्याशी गेली, खरंच. मला वाटलं हा आता ठेवणार. त्याने ठेवला नाही. शब्द निघाल्यावर शांतपणे म्हणाला, "मी अडखळतो, थोडा वेळ लागेल, थांबा." ती थांबली. सिलिंडर नोंदवला गेला. संपलं.

खाली कॉमेंटींमध्ये लोकांनी आपापलं नडणारं अक्षर लिहिलं होतं. 'मेरा प.' 'मेरा क.' 'मेरा खुद का नाम.' पानभर तेच. तोवर माझ्यासारखा दुसरा माणूस मी प्रत्यक्षात पाहिलाच नव्हता. असणार म्हणा, पण ते पण माझ्यासारखे मिसळ खात गप्प बसले असणार.

ते वाक्य मी उचललं. आजही वापरतो. अडखळणं आहे तेवढंच आहे, फोन मात्र मीच करतो.

दहीभात
माझं 'द'. आडनाव देशपांडे, राहायला दादर. काय बोलणार!

सोनचाफा_नगर
मी आई म्हणून लिहितेय. मुलगा सहा वर्षांचा. घरी वेखंड उगाळून झालं, शंखातून पाणी पाजून झालं, दृष्ट काढून झाली. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "त्याला सांगा, नीट विचार करून बोल." तो नीटच विचार करतो हो, ओठांवर येत नाही.

मी मोबाइलवर शोधलं आणि मोबाइलने मला घाबरवलं. सात दिवसांत तोतरेपणा गायब, जिभेखाली हे ठेवा, ते ठेवा. एक उघडला की तसलेच दहा समोर येतात. मग एका थेरपिस्ट बाईंचा व्हिडिओ लागला. त्यात त्या काही शिकवत नव्हत्या, एका छोट्या मुलीशी ठोकळे खेळत होत्या. मुलगी 'ब-ब-ब' करत अडली की त्या हातातला ठोकळा तसाच धरून तिच्याकडे बघत थांबायच्या. शब्द पुरा करायच्या नाहीत. बस. मी सासूबाईंना तो दाखवला. आता जेवताना त्याही थांबतात, वरणाचा डाव हातात धरून.

त्या व्हिडिओखालीच पालकांच्या ग्रुपची माहिती मिळाली. तिथे आयाबाया रात्री अकरानंतर व्हॉइस नोट टाकतात, मुलं झोपल्यावर. 'आज वर्गात हसले त्याला' एवढंच असतं कधी. उत्तर कोणाकडेच नसतं, पण 'आमच्याकडे पण' असं चार जणींकडून येतं. मला ते पुरतं.

वाचाघर
मी वाचा-भाषा तज्ज्ञ आहे, म्हणून थोडी भर. लहान मुलांपैकी सुमारे ५ टक्के कधी ना कधी अडखळतात. सुरुवात बहुधा २ ते ५ वर्षांत होते आणि त्यातली बहुतेक मुलं पुढे आपोआप मोकळं बोलू लागतात. मोठ्यांत हे प्रमाण साधारण १ टक्का, त्यात पुरुष जास्त. 'माझ्या उपायाने बरा झाला' म्हणणाऱ्या व्हिडिओंचं बरंचसं यश या आपोआप बऱ्या होणाऱ्यांच्या जिवावर असतं! आईवडिलांच्या वागण्याने हे होत नाही, हेही सांगते. व्हिडिओ धीराला चांगले, तपासणीला नाहीत. सोनचाफा, एकदा प्रत्यक्ष दाखवून घ्या. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग संस्था आहे.

उंबरठा
मी स्वतः छोटं चॅनल चालवतो, अडखळण्यावरच. सुरुवातीला एडिट करताना सगळे ब्लॉक कापायचो. ऐकायला एकदम गुळगुळीत. एका पोराने लिहिलं, "दादा, तुम्ही अडकता ते कापता का? आम्ही तेच बघायला येतो." तेव्हापासून कात्री बंद. व्ह्यूज कमी झाले, कॉमेंटी लांबल्या.

कडूकारलं
सगळं गोडगोड चाललंय म्हणून दुसरी बाजू. आमच्या ऑफिसात एकाने माझं बोलणं गुपचूप रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकलं, हसणाऱ्या तोंडांसकट. रील्समध्ये तोतऱ्याची नक्कल अजून हमखास चालते. त्यात आधार देणाऱ्या ग्रुपवर मी दोन वर्षं काढली. तिथे घडाघडा बोलायचो, बाहेर मेडिकलच्या दुकानात चिठ्ठीच पुढे करायचो. ग्रुप उबदार असतो, पण तिथेच बसून राहिलं की तो पण एक लपायची जागा होतो. 'द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन'चे स्वमदत गट आहेत, म्हणजे अडखळणारेच एकमेकांना मदत करतात, तिथे समोरासमोर गेलो तेव्हा गाडी हलली.

रायनकाठ
जर्मनीतून. २०२० च्या लॉकडाउनमध्ये सगळ्या मीटिंगा व्हिडिओवर आल्या. मी अडले की लोक म्हणायचे, "तू फ्रीज झालीस, नेट बघ." आता ब्लॉक आला की मी हात हलवते, म्हणजे चित्र चालू आहे हे कळतं. ही युक्ती एका ऑनलाइन भेटीत मिळाली. त्याच ऑगस्टमध्ये बायडन यांच्या पक्षाच्या अधिवेशनात ब्रेडन हॅरिंग्टन हा १३ वर्षांचा मुलगा व्हिडिओतून बोलला. एका शब्दाला चांगलाच अडला, पण शब्द बदलला नाही. तो व्हिडिओ मी आईला पाठवला. गणपतीत मी आरती खणखणीत म्हणते आणि नाव सांगताना अडते, याचं तिला कायम कोडं होतं. गाताना बहुतेकांचं अडखळणं जातं, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा समजावलं.

सोनचाफा_नगर
वाचाघर, धन्यवाद, पुढच्या आठवड्यात जाते. मुलांनी बघावं असं मराठीत काही आहे का? हिंदी त्याला अजून नीट कळत नाही.

उंबरठा
फारच कमी आहे. आमच्याकडे एक दहा वर्षांचा आहे, घरचे तयार आहेत, पण त्याला स्वतःला बोलायचंय का ते आधी विचारतो. हो म्हणाला तर इथे कळवतो.