मदत हवी आहे: रस्त्याचा पर्यावरण अहवाल गावाला कसा समजावायचा?

नमस्कार मंडळी. आमच्याकडे महामार्ग रुंदीकरणाची जनसुनावणी लागली आहे. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या २००६च्या अधिसूचनेप्रमाणे अहवालाचा मराठी सारांश मिळाला, पण तो वाचताना ग्रामसभेत सगळे गप्प. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल, हे मी फळ्यावर लिहिलं. एका आजींनी विचारलं, "म्हणजे रात्री ट्रक गेला की झोपमोड होणार का?" त्याचं सरळ उत्तर अहवालात कुठेच नाही!

मोऱ्या, विहिरी, तोडायची झाडं गावनकाशावर दाखवायचा विचार आहे. अडचण एकच: अहवालात सगळं साखळी क्रमांकाने (म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनच्या अंतराने), किमी १२/५०० (१२ किमी ५०० मीटर) असं, आणि लोकांना कळतो गट नंबर. दोन्ही कसे जुळवायचे? भूमी अभिलेखातल्या कुणाचा अनुभव असेल तर सांगा. असा नकाशा कुणी केला असल्यास फोटो टाका, सुनावणीआधी हवाय.