स्टेपनी घरी ठेवू का? सल्ला हवाय

नमस्कार मंडळी. आमच्या सीएनजी गाडीची निम्मी डिकी टाकीनेच खाल्लीय, उरलेल्या जागेत स्टेपनी. गणपतीला पुण्याहून ताम्हिणीमार्गे चिपळूणला जायचंय, पाच माणसं आणि ढीगभर सामान. भाऊ म्हणतो, टायर ट्यूबलेस आहेत, पंक्चर किट आणि पंप घे, स्टेपनी राहू दे. २०२० च्या नियमाने तशी मुभा आहे, पण टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणाही लागते. ती आमच्या गाडीत नाही. शिवाय खिळा घुसला तर किट ठीक, खड्ड्यात टायर बाजूने फाटला तर त्या किटचं काय लोणचं घालायचं? मला वाटतं, कॅरिअर बसवून बॅगा टपावर टाकाव्यात. कुणी कमी रुंदीची स्टेपनी वापरलीय का? भरल्या गाडीला घाटात झेपते का ती?