डबा रिकामा येतो म्हणजे पोरगी जेवली असं नाही

चारकोपची आई
काल इथे कोणीतरी लिहिलं, "ॲनोरेक्सिया हे पोरींचे चोचले. दोन दिवस ताट वाढू नका, तिसऱ्या दिवशी मुकाट जेवेल." डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून लिहितेय.

ॲनोरेक्सिया म्हणजे जाड होण्याच्या धास्तीने खाणंच तोडायला लावणारा मनाचा आजार. माझी लेक १९ वर्षांची, तिला तोच झाला. डबा रोज रिकामा यायचा, मी खूश. एकदा तिचं कपाट आवरताना ओढण्यांच्या मागे पिशवी सापडली. आत पोळीचे नखाएवढे तुकडे, टिश्यूत नीट गुंडाळलेले, बुरशी आलेले. भर मे महिन्यात पोरगी स्वेटर घालून बसायची. आम्हाला शिरा करून वाढायची, स्वतः चमचाही चाटायची नाही. ताट न वाढणं हेच तर त्या आजाराला हवं असतं!

आम्ही आधी डॉक्टर गाठला. नाडी, बीपी, ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फेट. मग घड्याळ लावलं. तीन जेवणं, मध्ये थोडंथोडं खाणं, भूक असो नसो. पहिल्या दिवशी अर्धी वाटी वरणभाताला पाऊण तास लागला. मी समोरून उठले नाही.

गिरगावकर आजोबा
ते मीच लिहिलं होतं. चाळीत आम्ही सात भावंडं. ज्याने ताट सरकवलं त्याचं दुसरा खायचा. कोणाला असला आजार झाला नाही. आणि डॉक्टर कशाला? आठ दिवस तूप-लाडू चारा, अंग धरेल.

वरणभात
आजोबा, तुमच्या सूचनेने जीव जाईल. फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपूर चारलं तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरतं, हृदय बंद पडू शकतं. आणि 'पोरींचे चोचले'? मी पुरुष आहे. चार वर्षं बुलिमिया होता, म्हणजे भसाभस खायचं आणि मग मुद्दाम ओकून टाकायचं. बारीक नव्हतो, त्यामुळे कोणाला शंकाच आली नाही. दातांच्या डॉक्टरांनी ओळखलं, दात आतल्या बाजूने झिजले होते. दादरच्या पुलावर, गर्दीत, ताईला म्हणालो, "मी जेवलो की मुद्दाम ओकतो." तिने एक प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज जेवण झालं की अर्धा तास फोनवर बोलत राहायची. त्या अर्ध्या तासाने मला उभं केलं.

बोरिवली फास्ट
उपवासांबद्दल कोणीच का बोलत नाही? माझ्या बहिणीने आधी संकष्टी धरली, मग सोमवार, मग गुरुवार. घरात कौतुक, "किती श्रद्धाळू पोर!" दोन वर्षं आम्ही आजाराची आरती ओवाळत होतो.

मोगरा
आलं देवावर! माझी आई चाळीस वर्षं चतुर्थी करते, ठणठणीत आहे. दरवेळी आमचे सणवारच दिसतात का तुम्हाला?

बोरिवली फास्ट
तुमची आई चंद्रोदयाला मोदक खाते ना? माझी बहीण चंद्र दिसला तरी जेवायची नाही. फरक तिथे आहे.

मोगरा
...बरं. आजीला मधुमेह झाला तेव्हा गुरुजींनीच उपवास सोडायला लावले होते. आजारी माणसाला व्रत माफ असतं. पण म्हणून उपवासामुळे आजार होतो म्हणू नका.

बोरिवली फास्ट
होतो म्हटलंच नाही. लपतो म्हटलं.

वरणभात
भांडण आवरा. आजोबा, १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. डोक्यात दिवसरात्र अन्नच. काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. उपासमारच डोकं असं करते. म्हणून "मनावर घे" म्हणून भागत नाही, आधी पोटात नेमाने अन्न पडावं लागतं.

गिरगावकर आजोबा
सगळं पटलंय असं नाही. लाड होतातच हल्ली. पण नात पंखा बंद करून शाल घेऊन बसते आणि आम्हाला नवेनवे पदार्थ करून घालते. मला वाटायचं, सुगरण झाली. कुठे न्यायचं?

चारकोपची आई
परळच्या केईएममध्ये मानसोपचार विभाग आहे. आधी फोनवर बोलायचं असेल तर १४४१६, सरकारी टेलिमानस, मराठीत बोलतात, पैसे नाहीत. चक्कर येत असेल, छातीत धडधडत असेल तर थांबू नका, सरळ कॅज्युअल्टीत न्या. आणि काका, आज तिच्या वजनाबद्दल, ताटाबद्दल चकार शब्द काढू नका. "तुला थंडी वाजते का गं?" एवढंच विचारा.

गिरगावकर आजोबा
सातच्या लोकलने येते. विचारतो.