नरक कायमचा नव्हे

'नरकात पडला तो कायमचा' असं कुणी म्हटलं, ते काही पटलं नाही. पाली सुत्तांत, म्हणजे बुद्धाच्या पाली भाषेतल्या उपदेशांत, कोकालिक नावाच्या भिक्खूची गोष्ट आहे. बुद्धाचे पट्टशिष्य सारिपुत्त-मोग्गल्लान यांची निंदा केली म्हणून तो पदुम नरकात जन्मला. तिथलं आयुष्य किती? बुद्ध हिशेब सांगतात: वीस खारी (धान्याचं जुनं माप) तीळ भरलेली कोसल देशातली गाडी, दर शंभर वर्षांनी एकच तीळ उचलायचा. गाडी रिकामी होईल, पण अब्बुद नावाच्या नरकातलं आयुष्य सरणार नाही. आणि पदुम तर त्याच्या कितीतरी पट! तरी शेवट आहेच.

आपल्याकडे दिवसकार्यात गरुडपुराण वाचतात, त्यातही भोग संपला की पुन्हा जन्म. फरक एवढाच, की तिथे जीवाला यातना भोगण्यापुरता यातनादेह मिळतो, बौद्धांकडे मात्र नरकात जाणं हाच एक जन्म. (तिळाची गाडी मला रौरव नरकापेक्षा भयंकर वाटते.)