लागर मुरवायला फर्मेंटर कशाला अडवायचा?

मुक्काम मिनेसोटा
घरी बिअर करणाऱ्यांचं ठरलेलं पालुपद: "लागरला (थंडीत सावकाश मुरणारी बिअर) फर्मेंटर, म्हणजे आंबवायचं भांडं, दोन महिने अडकतो, म्हणून आपण एलच (उबेत लवकर होणारी बिअर) करतो." मला हे साफ अमान्य आहे. यीस्टचं मुख्य काम १०-१२ अंशांना दोन-तीन आठवड्यांत उरकतं. शेवटी १६-१८ अंशांवर दोन-तीन दिवस ठेवलं की लोण्यासारखा वास येणारं डायअसेटिलही यीस्टच फस्त करतं. हायड्रोमीटरचा (साखर किती उरली ते सांगणारं उपकरण) आकडा हलायचा थांबला की राहिलं काय? ०-२ अंशांना निवळणं आणि मुरणं. ते १९ लिटरच्या कॉर्नी केगात, म्हणजे दाब सोसणाऱ्या स्टीलच्या उभ्या पिंपात होऊ द्या. सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइडचा १० पीएसआय दाब लावून ठेवलं तर मुरता मुरता गॅसही चढतो, आणि फर्मेंटर पुढच्या खेपेला मोकळा.

जुनं वळण
कागदावर झकास. प्रत्यक्षात लोक केगाचं झाकण उघडून वरून नळी सोडतात आणि महिन्याभराने, हवा लागल्यामुळे, ओल्या पुठ्ठ्याची चव लागली की माल्टच्या नावाने बोटं मोडतात. पिल्सनरमध्ये, म्हणजे फिकट लागरमध्ये, दोष झाकायला काही नसतं. फर्मेंटरला हातच लावला नाही, तर हवा शिरणार कुठून?

मुक्काम मिनेसोटा
एअरलॉकमधून, म्हणजे गॅस बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या बुचातून! १८ अंशांवरून १ वर आणलं की वरच्या मोकळ्या जागेतला वायू आकसतो, थोडा बिअरमध्ये विरघळतो, आणि फर्मेंटरची बादली बाहेरची हवा ओढून घेते. सोबत एअरलॉकमधलं पाणीही. केगात मात्र आतूनच दाब असतो. आणि झाकण उघडायचंच नाही. केग सॅनिटायझरने काठोकाठ भरा, कार्बन डायऑक्साइडने तो सगळा बाहेर ढकला, मग फर्मेंटरच्या तोटीची नळी केगाच्या बिअर काढायच्या तोंडाला जोडा. बिअर आतल्या लांब दांडीतून तळाशी उतरते, गॅस दुसऱ्या तोंडाने निघून जातो.

जुनं वळण
म्हणजे तोटीचा फर्मेंटर, सिलिंडर, रेग्युलेटर, तीन-चार केग. एवढ्यात आणखी किती बादल्या येतील, हिशेब करा. शिवाय तुमची खरी अडचण फर्मेंटरची नाहीच, थंड जागेची आहे. फर्मेंटर सुटला, फ्रिज अडकला!

मुक्काम मिनेसोटा
फ्रिजचं म्हणणं बरोबर. म्हणूनच केग. त्याचा व्यास जेमतेम २२-२३ सेंमी. ढेरपोट्या बादलीपेक्षा कमी जागा अडवतो.

म्युनिकची मावशी
अरे, भांडा खुशाल, पण हायड्रोमीटर स्थिर म्हणजे बिअर तयार, असं नवख्यांना सांगू नका. दोन नमुने काढा. एक झाकून ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, गार करा, मग दोन्ही हुंगा. गरम केलेल्याला लोण्याचा वास आला तर बिअर हलवायची नाही, आणखी थोडे दिवस उबेत ठेवायची. नाहीतर डायअसेटिल केगात उमटतं आणि थंडीत गारठलेलं यीस्ट ते निस्तरत बसत नाही. केग नसेल त्याने साखर घालून बाटल्या भराव्यात, घरच्या तापमानाला दोनेक आठवडे गॅस धरू द्यावा, मग बाटल्याच फ्रिजात मुरवाव्यात. फर्मेंटर तरीही मोकळा.

कोथरूडकर
हे पुण्यात करता येईल का?

म्युनिकची मावशी
विनापरवाना नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ (पूर्वीचा मुंबई दारूबंदी कायदा). मिनेसोटावाल्यांना तिथे दोन प्रौढांच्या घरात वर्षाला २०० गॅलनची मुभा आहे, म्हणून एवढा उत्साह.

जुनं वळण
मावशींची चाचणी मान्य. पण केगाच्या तळाशी गाळ बसतो त्याचं काय? माझा फर्मेंटर गाळ स्वतःकडेच ठेवतो.

मुक्काम मिनेसोटा
पहिला ग्लास गढूळ येतो, तो ओतून द्यायचा. किंवा आतली दांडी दोनेक सेंमी कापून घ्यायची.

जुनं वळण
आणि गणपतीत मंडळाकडे केग गाडीतून न्यायचा असेल तर? सगळा गाळ ढवळून वर.

मुक्काम मिनेसोटा
एक तर गणपतीत बिअर नेऊ नका! दिवाळीनंतरच्या पार्टीला न्यायची असेल तर आदल्या दिवशी निवळलेली बिअर दाबाखालीच दुसऱ्या केगात घ्यायची.

जुनं वळण
म्हणजे आणखी एक केग.