मदत हवी आहे: मे महिना आणि नऊवारी, उकाड्याचं काय करू?

कुर्डई
नमस्कार. पुढच्या रविवारी कार्यक्रम आहे. नऊवारी नेसायची आहे. शिवलेली आणलीय. काल घालून पाहिली तर लगेच पाठीवरून घामाच्या धारा. त्या दिवशी सकाळपासून तीच अंगावर असणार. गरम होऊ नये म्हणून काय करता येईल? "सुती नेसा" हे मलाही कळतं, ते सोडून सांगा. प्लीज लवकर, वेळ नाहीये.

निवांत५५
कसला कार्यक्रम? कुठे? हॉल एसी आहे का?

लिननवेडी
लिनन! दुसरं काही बघूच नका. मी गेल्या उन्हाळ्यात भाचीच्या लग्नात लिननची साडी नेसले होते, जरीचे बारीक काठ, एकदम हलकी. चुरगळते, पण ते चुरगळणंच तिचं सौंदर्य आहे. रेशमाकडे आता मी वळूनही बघत नाही.

कुर्डई
लिननवेडी, नऊवारी म्हटलंय मी. लिननची नऊवारी मिळते का?

लिननवेडी
मिळत नसेल तर सहावारी नेसा. काय फरक पडतो आजकाल?

कुर्डई
फरक पडतो. सासूबाई.

डॅलसकर
आमच्याकडे इथे जूनमध्ये ४० पर्यंत पारा जातो, पण हॉलमध्ये एसी इतका वाढवून ठेवतात की बायका पैठणीवर शाल घेऊन बसतात. तेव्हा एक शाल जवळ असू द्या.

वऱ्हाडी ठेचा
शाल!! डॅलसकर, हसून हसून पाणी सांडलं राजेहो.
ताई, गाव सांगा आधी. मुंबईचा उकाडा वेगळा, आमच्याकडचा वेगळा.

सागरगोटा
उकाडा तो उकाडा. पातळात पातळ कापड घ्यायचं, बाही आखूड, पाठ मोकळी. झालं.

वऱ्हाडी ठेचा
नाही ना बाप्पा. तुमच्याकडे दमट हवा, घाम वाळतच नाही, म्हणून अंगावर जितकं कमी तितकं बरं. आमच्याकडे कोरडी झळ. उघड्या हातापाठीवर ऊन नि गरम वारा थेट लागतो. इकडे बाया तोंडाला, डोक्याला दुपट्टा गुंडाळून निघतात ते काही फॅशन म्हणून नाही. अंगभर पण सैल आणि सुती, हाच आमचा नियम. पाठ मोकळी ठेवून विदर्भात दुपारी अंगणात उभं राहा, संध्याकाळी कळेल.

सागरगोटा
मी दादरला लहानाची मोठी झाले, उन्हाळा मला नका शिकवू.

निवांत५५
भांडण नंतर. धागाकर्तीने अजून गाव सांगितलेलं नाही.

कुर्डई
अकोला. मुलाची मुंज आहे. मला वाटलं लिहिलंय.

वऱ्हाडी ठेचा
अकोला! मे महिना! आणि शिवलेली नऊवारी! ताई, हिंमत आहे तुमची.

निवांत५५
म्हणजे बटूची आई तुम्ही. मग कडेला बसून मिरवायचं नाहीये, पुण्याहवाचनाला बसायचं, मातृभोजन, होमाशेजारी बसायचं. हे पहिल्याच प्रतिसादात हवं होतं. हॉल कसा आहे?

कुर्डई
एसी नाही. मंगल कार्यालय आहे, मोठे कूलर आहेत चार कोपऱ्यांत.

झणझणीत_रस्सा
मग प्रश्न काय? कूलरसमोर बसा.

निवांत५५
होम चालू असताना कूलर आणि पंखा बंद करायला लावतात हो. राख उडते, ज्वाळा वाऱ्याने भलतीकडे वळते. म्हणजे विस्तव समोर, वारा बंद, आणि अंगावर आठ मीटर कापड. खरी अडचण त्या वेळातली आहे.

मुक्तछंद
मला एक कळत नाही, २१ व्या शतकात मुंज करायचीच कशाला? आणि करायचीच तर मुलींची का नाही?

झणझणीत_रस्सा
आला हा विषय.

सागरगोटा
मुलींच्या मुंजी होतात आता, आमच्या इमारतीतच झाली. पण तुम्हाला वाद घालायचाय तर वेगळा धागा काढा.

मुक्तछंद
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

सुईदोरा
मी शिवणकाम करते, नऊवारी शिवूनही देते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शिवलेल्या नऊवारीत उकडण्याचं कारण बहुतेक वेळा साडी नसतं, आतलं अस्तर असतं. स्वस्तात शिवायची म्हणून क्रेप किंवा साटीन लावतात, दोन्ही पॉलिस्टर. काष्ट्याच्या जागी आधीच कापडाचे दोन-तीन थर येतात, त्यात हे अस्तर. घाम शोषला जात नाही, तिथेच साचतो. बरं, मुळात नेसायच्या नऊवारीला परकर लागतच नाही. म्हणजे नेसलेली सुती नऊवारी सहावारीपेक्षा गार असायला हवी. शिवलेली आपण त्याच्या उलट करून ठेवतो.

तर आधी आतली शिवण पाहा. अस्तर उसवून काढता येतं, एका संध्याकाळचं काम आहे. कमरेपासून गुडघ्यापर्यंत मलमल किंवा व्हॉइल लावून घ्या, गुडघ्याखाली अस्तराची गरज नाही. आतून सुती गुडघ्यापर्यंतची चड्डी घाला, त्या चकचकीत ताणणाऱ्या लेगिंग्ज नकोत. ब्लाउजमध्ये कप शिवले असतील तर तेही काढा. काखेत घट्ट होत असेल तर सुती कापडाचा चौकोनी तुकडा घालून घ्या, हात वर करताना ताण पडत नाही आणि घाम टिपला जातो.

आता मला सांगा, साडी कशाची आहे?

कुर्डई
सिल्क.

सुईदोरा
कुठलं सिल्क? दुकानात सगळ्यालाच सिल्क म्हणतात. आतल्या बाजूने शिवणीतला एक दोरा ओढा, चिमट्यात धरून मोरीत काडी लावा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटाने चुरली गेली तर रेशीम. कागद जळल्याचा वास आणि मऊ करडी राख म्हणजे सूत. वितळून टोकाला कडक काळी गोळी झाली तर पॉलिस्टर.

डॅलसकर
आजकाल सेमी पैठणी म्हणून जे विकतात त्यात बरंच हेच असतं. आईने पाठवलेली निघाली होती तशी. बाय द वे, माझ्यासाठी कुर्ता घ्यायचाय, जॉर्जेट की खादी?

कुर्डई
गोळी झाली.
एवढे पैसे मोजून गोळी झाली.

वऱ्हाडी ठेचा
मग ताई, ती होमापाशी नकोच. उकाड्याचं सोडा, ठिणगी उडाली तर पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. सूतही पेटतं, पण असं चिकटत नाही. पदर तर कुठल्याही साडीचा खोचूनच ठेवा.

लिननवेडी
मी पहिल्यापासून सांगतेय…

कुर्डई
आता सगळं सांगते. सासूबाईंचं म्हणणं, विधीला रेशीमच पाहिजे, सुती सोवळ्यात चालत नाही. त्यांची स्वतःची नऊवारी आहे, ती त्यांनी देऊ केली होती. मला नेसता येत नाही म्हणून मी शिवलेली आणली. त्यांच्या साडीचाही दोरा जाळून पाहिला (त्यांना सांगितलेलं नाही), केसांचा वास आला. खरं रेशीम आहे. पण जरीचा पदर इतका जड आहे की खांदा उतरतो.

झणझणीत_रस्सा
सासूबाईंच्या साडीला काडी लावली!! धागा हिट.

पळीपंचपात्र
सुती सोवळ्यात चालत नाही हे कोणी सांगितलं? धुऊन, कोणाचा स्पर्श न होऊ देता वाळवलेलं सुती वस्त्र सोवळ्याचंच असतं. आमची आजी सुती लुगडं माळ्याजवळच्या उंच दांडीवर काठीने वाळत घालायची, काठीनेच काढायची, आणि ते नेसून स्वयंपाक करायची. रेशमाची सोय अशी की ते दर वेळी धुवावं लागत नाही, म्हणून कद आणि मुकटा ही सोवळ्याची रेशमी वस्त्रं घरोघर आली. तुमच्या गुरुजींनाच विचारा. सासूबाई तुमचं ऐकणार नाहीत, त्यांचं ऐकतील.

सागरगोटा
आमच्याकडे तरी रेशीमच लागतं.

पळीपंचपात्र
तुमच्याकडे लागतं ही पद्धत झाली. पद्धत घराघरात वेगळी.

गजरेवाली
कपड्यांचं होईल, पण कुंकवाचं काय? घामाने नाकावर ओघळतं आणि फोटोत सगळं येतं. आधी मेण लावून त्यावर पिंजर लावा, पूर्वी तसंच लावायचे, दिवसभर हलत नाही. टिकलीचा गोंद घामात टिकत नाही. आणि तयार अंबाडा लावू नका, आतून भट्टी होते. स्वतःच्या केसांचा खोपा आणि मोगऱ्याचा गजरा पुरे. खोटे दागिने असतील तर मानेवर घामाने खाज सुटते, ठुशीपेक्षा लांब माळ बरी.

कुर्डई
गजरेवाली, हे विचारलं नव्हतं पण उपयोगी आहे. मेण कुठे मिळतं?

गजरेवाली
पूजेच्या सामानाच्या दुकानात विचारून बघा.

सुईदोरा
साडीवर येऊ. माझं मत, विधीला सुती इरकली नऊवारी. अंगात सूत, पदर रेशमी, त्यामुळे दिसायला भारदस्त. मूळची कर्नाटकातल्या इलकलची, पण सोलापूर-कोल्हापूर पट्ट्यात घरोघर असते. नवी घेतलीत तर खळ असते कापडात, तशीच नेसलीत तर ती ताठ राहते आणि हवा जाऊ देत नाही. एकदा धुऊन घ्या. पहिली धुलाई गार पाण्यात मीठ घालून आणि वेगळी, काठाचा रंग उतरतो. ब्लाउजलाही सुती खण मिळतो.

नारायणपेठ सुचवणार होते, पण त्यात रेशमीही असतात आणि दुकानदार सांगत नाही. माहेश्वरी आणि चंदेरी छान, पण नऊवारीत सहज मिळत नाहीत.

लिननवेडी
माहेश्वरीत ताणा रेशमी असतो, पूर्ण सुती नाही ती.

सुईदोरा
हो, सुतीही असतात. म्हणूनच दोरा जाळून बघायचं सांगितलं.

कुर्डई
अपडेट. गुरुजींना फोन केला. म्हणाले, धुतलेलं सुती चालेल, फक्त इतर कोणी त्याला हात लावू नका. फोन स्पीकरवर होता, सासूबाई शेजारीच. आता त्यांचा एकच हट्ट, त्यांची साडी कार्यात अंगाला लागली पाहिजे.

निवांत५५
भिक्षावळ संध्याकाळी आहे ना? तेव्हा नेसा. ऊन उतरलेलं असतं, बसायचं नसतं, मिरवणुकीत सगळ्यांना दिसते. सासूबाईंना आणखी काय हवं?

कुर्डई
हे पटलं. संध्याकाळी सहाला आहे.

वऱ्हाडी ठेचा
सहाला अकोल्यात ऊन उतरतं? साताला काढा.

डॅलसकर
माझ्या कुर्त्याचं कोणीच बोललं नाही.

सुईदोरा
खादी. जॉर्जेट घालू नका.

पळीपंचपात्र
बटूला काय घालणार? मुंडण झालेलं डोकं आणि दुपार. मिरवणुकीच्या आधी बाहेर नेलंत तर टोपी किंवा उपरणं डोक्यावर असू द्या. आणि पन्हं करून ठेवा, मूल विधीच्या गडबडीत पाणी मागत नाही.

कुर्डई
मावशीकडे इरकली नऊवारी मिळाली, हिरवी, लाल काठ. जुनी आहे म्हणजे खळेचा प्रश्न नाही. पण नेसवणार कोण हा प्रश्न परत आलाच. मावशी येणारच नाही कार्याला, गुडघे दुखतात. व्हिडिओ पाहिले, प्रत्येकीचा ओचा वेगळा.

सुईदोरा
ब्राह्मणी पद्धतीने नेसायची ना? मग ओचा आलाच, आणि तो सैल झाला की सगळंच सुटतं. सासूबाईंना सांगा नेसवायला. त्यांची साडी संध्याकाळी नेसवायची म्हणून त्या येणारच आहेत, सकाळीही येतील. मात्र निऱ्या फार घट्ट खोचू देऊ नका, जमिनीवर मांडी घालून बसल्यावर पोटाला काचतं. आदल्या दिवशी एकदा नेसून, मांडी घालून बसून बघा.

कुर्डई
सांगितलं. "मी कधीची म्हणतेय" असं म्हणाल्या. शनिवारी नेसून बघणार.

झणझणीत_रस्सा
आणि जळलेल्या दोऱ्याचं?

कुर्डई
नाही सांगणार.