'विकासदर' म्हणजे नक्की कशाचा दर?

प्रश्न

मी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवते. दर तीन महिन्यांनी वर्तमानपत्रात मथळा येतो, 'देशाचा विकासदर अमुक टक्के'. मुलं विचारतात, "मॅडम, पुस्तकात वृद्धी वेगळी आणि विकास वेगळा दिलाय, मग हा दर कशाचा?" बातमीतला आकडा असतो स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या वाढीचा. गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा वस्तू आणि सेवा किती जास्त निर्माण झाल्या, एवढंच तो सांगतो. त्याला विकासदर म्हणणं मला चूक वाटतं. वृद्धीदर म्हणावं का? की वृद्धिदर?

उत्तर

आधी शुद्धलेखन. एकटा शब्द 'वृद्धी', पण समासात पहिल्या जागी आला की ऱ्हस्व: वृद्धिदर. बुद्धी आणि बुद्धिमत्ता, तसंच.

आता अर्थ. 'विकास'च्या मुळाशी कस् धातू आहे, उमलणं हा त्याचा भाव. कळी विकसते. 'वृद्धी' वृध् धातूपासून, म्हणजे आकाराने, संख्येने वाढणं. घरात मूल जन्मलं की आपण 'वृद्धी आली' म्हणतो, कारण घरातलं माणूस वाढलं. त्या मुलाला दूध मिळेल का, ते शाळेत जाईल का, हे 'वृद्धी' हा शब्द सांगत नाही. तुमच्या तिमाही आकड्याचंही तसंच आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाची मोजणी ज्यांनी बसवली, त्या सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ साली तिथल्या सिनेटला दिलेल्या अहवालात बजावलं होतं की या आकड्यावरून राष्ट्राचं कल्याण जोखता येत नाही.

वेगळं मत

मी बरीच वर्षं बातम्यांचं संपादन केलं आहे. व्युत्पत्ती मान्य, पण शास्त्राद् रूढिर्बलीयसी. 'विकासदर' वाचकाच्या तोंडात बसला आहे, 'वृद्धिदर' त्याला परका वाटतो. संदर्भ अर्थव्यवस्थेचा आहे हे त्याला कळतं, त्यामुळे घोटाळा होत नाही.

यावर

घोटाळा होतो, आणि तो शब्दापुरता राहत नाही. मध्य आफ्रिकेतल्या इक्वेटोरियल गिनीचं बघा. नव्वदच्या दशकात तिथे समुद्रात तेल सापडलं आणि दरडोई उत्पन्न झपाट्याने चढलं. संयुक्त राष्ट्रं १९७१पासून सर्वांत कमी विकसित देशांची यादी ठेवतात. (मराठीत तिला 'अल्पविकसित' म्हणतात, त्यात 'सर्वांत'चा अर्थ गळतो.) यादीतून बाहेर पडायच्या कसोट्या तीन: उत्पन्न, आरोग्य-शिक्षण, आणि आर्थिक व पर्यावरणीय धक्के सोसण्याची ताकद. हा देश २०१७ साली केवळ उत्पन्नाच्या जोरावर बाहेर पडला, बाकी दोन्ही कसोट्यांत तो बसत नव्हता. त्याच्या उत्पादनवाढीला 'विकासदर' म्हटलं तर तिथल्या आजारी पोराची आई कुठल्या शब्दात बोलणार?

'दरडोई' हा शब्द मला फार आवडतो. फारसी 'दर' आणि आपली 'डोई'. पण तो सरासरी आहे, त्यामुळे तेलाचा पैसा मूठभरांकडे गेला तरी भागाकार सगळ्या डोयांवर होतो.

नुसत्या उत्पन्नावरून विकास जोखण्यातली उणीव भरायला १९९०मध्ये पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास निर्देशांक आला. अमर्त्य सेन त्यांच्या सोबत होते. त्यात जन्मवेळचं अपेक्षित आयुर्मान, शिक्षणाची वर्षं आणि दरडोई राष्ट्रीय उत्पन्न धरतात. उत्पन्न जसंच्या तसं घेत नाहीत, त्याचा लॉगॅरिदम घेतात. त्यामुळे हजाराचे दोन हजार होण्याला जेवढं वजन, तेवढंच वीस हजारांचे चाळीस हजार होण्याला. ज्या देशाचं सरासरी उत्पन्न थोडं आहे, त्याच्या सरासरीत पडलेला रुपया इथे जास्त मोलाचा ठरतो. मला हे या मापातलं सगळ्यांत शहाणपणाचं कलम वाटतं.

इथे बातम्यांत आणखी एक चूक होते. 'निर्देशांक' आणि 'क्रमांक' एकच समजतात. २०२१-२२च्या मानव विकास अहवालात भारत १९१ देशांत १३२वा होता आणि निर्देशांक ०.६३३. पुढच्या, २०२३-२४च्या अहवालात १९३ देशांत १३४वा आणि निर्देशांक ०.६४४. म्हणजे क्रमांक दोनने खाली, पण निर्देशांक वर. मथळ्यात 'मानव विकासात भारत घसरला' छापलं तर वाचकाला वाटणार, इथली माणसं आधीपेक्षा वाईट जगू लागली.

मूळ प्रश्नकर्तीकडून

हा क्रमांक-निर्देशांकाचा फरक उद्याच वर्गात सांगते. या निमित्ताने 'विकसनशील'कडेही लक्ष गेलं. १९४९च्या भाषणात अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन 'अंडरडेव्हलप्ड' म्हणाले, आपण त्याला अविकसित, अर्धविकसित म्हणत आलो. त्यामानाने 'विकसनशील' किती मानाचा शब्द! सहनशील, विचारशील यांतलं 'शील' म्हणजे स्वभाव, आणि विकसणं हा स्वभावच असेल तर तो कुठल्या देशाचा नसावा? उलट 'विकसित' ऐकलं की काम संपल्यासारखं वाटतं.

आणि 'अनुशेष'. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४च्या अहवालात रस्ते, सिंचन, वीज, आरोग्य, शिक्षण अशा बाबींत महाराष्ट्राचा प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे ते मोजलं, आणि ती तूट भरायला सुमारे ३,१८७ कोटी रुपये लागतील असा हिशेब मांडला. विदर्भ-मराठवाड्यात तेव्हापासून हा शब्द साध्या माणसाच्याही बोलण्यात आहे. माझे वडील रोजगार हमीच्या कामावर होते, शाळेची पायरी चढले नव्हते, तरी 'आपला अनुशेष' म्हणायचे. किती झालं हे सांगणारे शब्द पुष्कळ आहेत, काय राहिलं हे मोजणारा मला हा एकच माहीत आहे.

संपादन करणाऱ्यांकडून

'रूढी' म्हणून मी अडलो होतो ते एका नामावर. मराठी क्रियापदाने बोलते हे विसरलो. 'उत्पादन सात टक्क्यांनी वाढले' असा मथळा केला तर 'विकासदर' नको आणि 'वृद्धिदर'ही नको. नव्या लोकांना शिकवतो तिथे या आठवड्यापासून असंच लिहून घेणार आहे.